दोनदा टाकलेला खार

माझ्या पोळपाटाच्या पाठीवर नेलपॉलिशने काढलेलं एक इंग्रजी अक्षर आहे. रंग मूळचा गुलाबी होता, आता विटकरी झालाय. हा पोळ्यांचा पोळपाट नाही, पापडांचा आहे: वीतभर रुंद, हलका, एका कडेला झिजलेला. जळगावच्या आमच्या गल्लीत ज्या घरी पापड असतील त्या घरी सगळ्या बायका आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन जात. एका खोलीत पंधरा पोळपाट. निघताना आपला ओळखू यावा म्हणून कुणी खिळ्याने फुली मारलेली, कुणी कडेला खाच पाडलेली. मी सहावीत होते, इंग्रजी शाळेत होते, आणि घरात आत्याची नेलपॉलिश होती. त्यावर गल्लीतल्या नलूकाकू म्हणाल्या होत्या, "पाह्य ना व, मॅडमचा पोळपाटही विंग्रजी बोलते." सगळ्या हसल्या. मी तो पोळपाट झटकन मांडीखाली लपवला होता.

परवा धुळ्याच्या माझ्या खोलीत तो कपाटावरून खाली काढला, ओल्या फडक्याने पुसला आणि नाकाशी धरला. हिंग! इतक्या वर्षांनी, इतकं पुसूनही हिंग. मी तशीच उभी राहिले, पोळपाट नाकाला लावून, एकटीच हसत. महिनाभरात पहिल्यांदा हसत होते बहुतेक.

कारण फाल्गुन लागला की मला काहीतरी होतं. काय होतं ते मला कधी नीट सांगता आलेलं नाही. सकाळी अजून गार असतं आणि दुपारी डांबर मऊ होतं. या दोहोंच्या मध्ये कुठेतरी माझं अंग सुटून जातं. दात घासताना हात दुखतो. कुणी नुसतं "काय मग?" विचारलं तरी डोळे भरतात. ऑफिसात मी घरांचे नकाशे काढते. थंडीत दिवसाला एक मजला सहज काढून होतो. फाल्गुनात एका जिन्याच्या पायऱ्या मोजता मोजता दोन वाजतात. रक्त तपासून झालंय. डॉक्टर म्हणाले, सगळं छान आहे, फिरायला जात जा. आई फोनवर म्हणते, मोबाइल कमी बघ. मी दोघांनाही हो म्हणते.

शाळेत आम्हाला वसंतावर निबंध असायचा, इंग्रजीतून. वसंत म्हणजे आनंद, वसंत म्हणजे कोकरं, पिवळी फुलं, हिरवी कुरणं. मी तो तोंडपाठ करून लिहायचे आणि चांगले गुण मिळवायचे. खिडकीबाहेर कडुलिंब पिवळा पडून झडत असायचा, वाऱ्याबरोबर पानं वर्गात यायची, आणि माझ्या पापण्या इतक्या जड असायच्या की आनंद हा शब्द लिहिताना पेन घसरायचं. मला वाटायचं, सगळ्या जगाला वसंत येतो. मलाच काय येतं?

गेल्या मंगळवारी अशाच एका दुपारी शोभाअक्कांचा फोन आला. आमच्या घराला लागून त्यांचं घर. माहेर शिंदखेड्याकडचं, त्यामुळे चाळीस वर्षं जळगावात राहूनही बोलणं सगळं अहिराणी.

"रविवारले पापड शेत माय. पोयपाट लई येजो."

"अक्का, मला जरा बरं नाहीये."

"काय व्हयनं?"

"काही नाही. थकवा आहे."

"मंग लाटता लाटता नीट व्हई जाशी." पलीकडे कुकरची शिट्टी झाली, ती संपेपर्यंत त्या थांबल्या. "पाचच जनी ऱ्हायनूत आम्ही. यंदा करूत, मंग बस. पुढला सालले बठ्ठ्या दुकानना पापड खातीन."

मी येते म्हणाले. म्हणून टाकलं खरं, पण गेली आठ वर्षं मी दर फाल्गुनात काही ना काही कारण काढून पापड चुकवत होते. परीक्षा, प्रोजेक्ट, ऑफिस. खरं कारण एकच होतं, आणि ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. यंदा शेवटचं. म्हणजे यंदा सांगितलं नाही तर अक्कांच्या हाती पापडखाराचा चमचा पुन्हा कधीच येणार नाही.

तो चमचा त्यांच्या हातातून माझ्यामुळे गेला होता.

रविवारी गजराआधी उठले. हेही नवलच. धुळ्याच्या स्टँडवर सकाळच्या गाडीत खिडकी मिळाली, पोळपाट मांडीवर, लाटणं पिशवीतून डोकावतंय. वारा गार होता आणि त्यात गव्हाच्या काडाचा वास होता. शेतांच्या बांधांवर कपाशीच्या पऱ्हाट्यांचे ढीग, दादर ज्वारीची कणसं खुडून झालेली, नुसती ताटं उभी. पारोळ्याच्या अलीकडे एक पळस एकदम अंगावर आल्यासारखा आला, पान एक नाही, सगळा केशरी. मी मान वळवून वळवून बघत राहिले. शेजारच्या आजींनी पिशवीकडे बोट दाखवलं. "पापड?" मी मान हलवली. "उडदाचे?" मी पुन्हा मान हलवली. त्या समाधानाने टेकून बसल्या. खानदेशात फाल्गुनात मांडीवर छोटा पोळपाट घेऊन बसलेल्या मुलीला आणखी काही विचारावं लागत नाही.

एरंडोल गेलं आणि माझ्या छातीत धडधड सुरू झाली. भीतीची होती, पण नुसती भीतीची नव्हती. लहानपणी पापडांच्या दिवशी सकाळी जी व्हायची, तीही त्यात होती.

तेव्हा पापडांचा दिवस पहाटेच सुरू व्हायचा. गल्लीत कुणाच्या तरी धाब्यावर, म्हणजे आमच्याकडच्या सपाट गच्चीवर, आदल्या दिवशीचे बिबडे वाळत असायचे. ज्वारीचे ते पांढरे गोल साडीला चिकटलेले, पाण्याचा हबका मारून सोडवायचे. कुणाच्या अंगणात गोधड्या धुणं चालू असायचं. नानांनी, म्हणजे अक्कांच्या नवऱ्याने, कूलर बाहेर काढून त्यात नवा वाळा भरलेला असायचा, आणि तो पहिल्यांदा भिजला की गल्लीभर असा काही वास सुटायचा की आम्ही पोरं कूलरच्या तोंडाशी जाऊन आ करून उभी राहायचो. त्यातच शेवग्याची गळलेली फुलं, कुणाच्या तरी फोडणीतला लसूण, आणि सगळ्यांच्या वर अक्कांच्या घरातून येणारा हिंग आणि कुटलेले मिरे.

पीठ अक्काच भिजवायच्या. पापड कुणाचेही असोत. पापडाचं सगळं खारावर असतं: पाण्याला उकळी आली की त्यात खार, मीठ, हिंग, आणि त्याच पाण्याने उडदाचं पीठ घट्ट भिजवायचं. खार कमी पडला तर पापड फुलत नाही. जास्त झाला तर तळताना लाल होतो आणि साबणासारखा लागतो. अक्का मोजायच्या नाहीत. चमचा भरायच्या, जरा झटकायच्या, बस. "शोभाचा हात आहे," असं आई म्हणायची. गल्लीत त्याला हातच म्हणत, दुसरा शब्द नव्हता. मग ते पीठ पाट्यावर तेल लावून वरवंट्याने ठेचायचं. धप, धप, धप. पिठाची दोरी वळून दोऱ्याने लाट्या कापायच्या. पहिली लाटी तेलात बुडवून आम्हा पोरांना. तिखट, चिकट, दाताला धरून बसणारी. मग बायकांचं कोंडाळं, पंधरा लाटण्यांचा आवाज, बांगड्या, एकमेकींच्या सासवांच्या नकला. मी कोपऱ्यात. मला लाटायला येत होतं, पण बोलायला येत नव्हतं. त्या अहिराणीत विचारायच्या, मी पुस्तकी मराठीत उत्तर द्यायचे, तेही एका शब्दात. आतून मात्र मला तिथून उठावंसं वाटायचं नाही.

मी सहावीत होते त्या वर्षी अक्कांच्या पुष्पाताईचं लग्न ठरलं होतं. पारोळ्याचं स्थळ. लग्न महिन्यावर आलेलं, मुलीसोबत द्यायचे पापड, म्हणजे नेहमीच्या दुप्पट. घरात पाहुणे, ट्रंका, साड्यांचे ढीग. अक्कांनी मला स्टुलावर बसवलं, समोर गॅसवर पातेलं, बाजूला खाराची वाटी नि चमचा.

"उकयी उनी का चमचाभर खार टाक. मंग ढवय. समजनं?"

मी मान हलवली. त्या वर धाब्यावर साड्या अंथरायला गेल्या.

मला ती दुपार इतकी स्पष्ट आठवते की हाताला वाफ लागते. पंखा त्या वर्षी पहिल्यांदा लावलेला, त्याच्या पात्यांवरची थंडीभरची धूळ एका लयीत खाली येत होती. खिडकीत कडुलिंब. पानं पडायची ती सरळ पडत नव्हती, गिरक्या घेत, थांबत थांबत. मी एक पान बघितलं, मग दुसरं. अंगात तोच जडपणा होता, आत कुठेतरी ओल्या गोधडीसारखं काहीतरी भरलेलं. उकळी आली. मी खार टाकला. फेस वर आला, खाली गेला. मी पुन्हा पानांकडे बघत बसले. आणि मग दचकले. टाकला का मी? की टाकायचा म्हणून नुसतं मनात आलं? पाणी उकळत होतं, वाटी तशीच होती, चमचा ओला होता. चमचा कशानेही ओला झाला असता. वर जाऊन विचारायला हवं होतं. पण वर दहा बायका होत्या, आणि त्यांच्यात मधेच बोलून "मला आठवत नाही" म्हणणं माझ्याच्याने झालं नसतं.

मी अजून एक चमचा टाकला.

पीठ भिजलं, ठेचलं, लाट्या झाल्या. त्या दिवशी संकष्टी होती. मोठ्यांपैकी कुणी लाटी चाखली नाही. चाखली ती आम्ही पोरांनी. माझी जीभ चुरचुरली. बाकीच्या पोरांनी दोन-दोन मटकावल्या आणि पळाली. मी ती लाटी तोंडात धरून बसले आणि मला कळलं. आणि मी गिळून टाकली.

नलूकाकूंनी एकदा माझ्याकडे बघून म्हटलं, "पोरगी झोपू राह्यली व शोभा." अक्कांनी माझ्या गालावर पिठाचा हात लावला. "ऊठ वं माय, फागुन काय तुनाच आंगवर बठेल शे?" पुन्हा हशा. मला वाटलं, हो. माझ्याच अंगावर.

पापड पारोळ्याला गेले. अखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, पुष्पाताई माहेरी आली, झोका बांधला, सांजोऱ्या झाल्या, आणि रात्रीच्या जेवणाआधी अंगणात हसत हसत तिने सांगून टाकलं की तळल्यावर पापड विटेसारखे लाल झाले, आणि तिच्या सासूबाई पंगतीत म्हणाल्या, "काय हो सूनबाई, आईने पापडांनाही कुंकू लावून पाठवलं का?" ती हसली, सगळ्या हसल्या. अक्काही हसल्या. मी झोक्याच्या दोराला धरून उभी होते, आणि मी बघितलं की हसून झाल्यावर अक्कांनी आपला उजवा हात उलटा-सुलटा करून पाहिला, जसं काही त्यावर काहीतरी लागलंय.

पुढच्या वर्षी नलूकाकूंकडे पापड होते. पातेलं चढलं, सगळ्यांनी सवयीने अक्कांकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "मना हात नको. नलू, तूच टाक." नलूकाकू रावेरकडच्या, केळीवाल्यांच्या घरच्या, हात सढळ, पण पारोळ्याची गोष्ट ऐकल्यापासून खाराच्या बाबतीत भित्र्या. चिमटीने टाकायच्या. तेव्हापासून गल्लीचे पापड जाड, मुके. तळले तरी अंग चोरून बसलेले. कुणी काही म्हणालं नाही. अक्का कोंडाळ्याच्या कडेला बसून नुसत्या लाटायच्या. असं चौदा वर्षं.

जळगावला उतरले तेव्हा दहा वाजले होते. रिक्षातून गल्लीच्या तोंडाशी आले आणि आधी वास आला. वाळा, ओला! पाठोपाठ मिरे. मी अक्षरशः पळत गेले, पंचवीस वर्षांची बाई, पोळपाट छातीशी धरून. आई दारातच होती. "अगं, हळू! चहा तरी घे." घेतला नाही.

अक्कांच्या पुढच्या खोलीत पाच पोळपाट मांडलेले. मी सहावा ठेवला, अक्षर वर करून. नलूकाकूंनी चष्मा सावरला.

"आली व मॅडम! अजून विंग्रजीच आहे का तो?"

"अजून तसाच आहे, काकू."

"अन् तोंड? तेही अजून बंदच?"

सगळ्या हसल्या. अक्का पाट्याला तेल लावत होत्या, त्यांनी वर बघून नुसते डोळे मिचकावले. केस पूर्ण पांढरे झालेत. आत गॅसवर पातेलं होतं, आणि पाण्याने नुकतंच कडेकडेने बुडबुडे धरले होते. नलूकाकू उठल्या, वाटी घेतली, दोन बोटांची चिमटी केली.

आता. मला माहीत होतं, आताच. उकळी यायच्या आत. मी बसमध्ये वाक्यं तयार करून आणली होती, छान, व्यवस्थित, सुरुवातीला "मला तुम्हाला काहीतरी सांगायचं होतं" अशी. त्यातलं एकही तोंडात येईना. आणि मग जे आलं ते माझं मलाच नवीन होतं, कारण ती भाषा मी आयुष्यभर ऐकली होती, बोलले कधीच नव्हते.

"अक्का, पुष्पाताईना पापडसमा खार मी टाका व्हता. दोनदा."

पाट्यावरचा अक्कांचा तेलाचा हात थांबला. आईने दारातून विचारलं, "काय म्हणाली ही?"

"दोनदा?" अक्का म्हणाल्या.

"दोनदा. टाकला की नाही ते आठवत नव्हतं. विचारायची लाज वाटली, म्हणून परत टाकला. लाटी खाल्ली तेव्हा मला समजलं होतं. तरी मी सांगितलं नाही." एवढं बोलताना मी पुन्हा पुस्तकी मराठीत घसरले होते आणि रडतही होते, पण थांबले नाही. "तुमचा हात चुकला नव्हता."

अक्कांनी हळूच विचारलं, "मंग मी टाका तो कोनता?"

"म्हणजे?"

"अवं माय, मीबी टाका व्हता! धाबावरथीन खाले उनू, देखं तं तू डोया मिटीसन बठेल. मले वाटनं, हाई पोर काय टाकी! म्हनीसन मी टाका. तुले सांगेल व्हतं ते ध्यानमा शे, तरी टाका. तीन रातनी झोप नही, उभ्या उभ्या डोया लागेत मना."

पाणी उकळायला लागलं होतं. कुणाचं लक्ष नव्हतं.

नलूकाकू वाटीकडे बघत होत्या. मग त्यांनी ती खाली ठेवली, पदराने तोंड पुसलं. "आता सगळेच सांगू राह्यले तं सांगते," त्या म्हणाल्या. "चिमटीभर मीही टाकला होता. पोरगी झोपेल, शोभा झोपेल, म्हटलं या दोघींच्या भरवशावर लग्नाचे पापड मुके राह्यतीन."

आधी आईला हसू फुटलं. मग अक्कांना. अक्का हसता हसता पाट्यावरच वाकल्या, तेलाचा हात कपाळाला लागला, नलूकाकू भिंतीला टेकल्या. "चार दाव! चार दाव खार टाकेल पापड!" अक्का म्हणत होत्या, "बिचारी इहीन! कुंकू काय, तिले तं शेंदूर दिसना व्हई!" मी रडत होते की हसत होते मला ठाऊक नाही. दोन्ही असेल.

हसू ओसरलं तेव्हा अक्कांनी मला जवळ ओढलं आणि जरा खालच्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, म्हणाल्या, "फागुन लागना का मना हातपाय गयतस. दुपारले मांगला दरवाजामा बठी ऱ्हास. भांडा तशाच. रडू येस. काब्रं येस, म्हाईत नही. कोनले सांगू? लोके म्हनतीन, कामचोर शे."

मागच्या दारात बसलेल्या अक्का मला आठवल्या. शाळेतून येताना रोज दिसायच्या, मांडीवर हात, समोर खरकटी भांडी. मला वाटायचं, त्या वारा खातायत.

"मले तं चैतापर्यंत असंच राह्यते," नलूकाकू म्हणाल्या. "घरी सांगते, ऊन लागलं."

"आणि मी तुला मोबाइल कमी बघ म्हणते," आई म्हणाली, माझ्याकडे न बघता. "मला तरी दुसरं काय सुचणार? मलाही तेच होतं."

अक्का म्हणाल्या, "तवय म्हने ना मी, फागुन काय तुनाच आंगवर बठेल शे? बठ्ठासना आंगवर बठस तो."

सगळ्यांच्याच अंगावर. चौदा वर्षं ते वाक्य मी टोमणा म्हणून सांभाळलं होतं.

मी उठले. चमचा घेतला, वाटी घेतली, आणि दोन्ही अक्कांच्या हातात दिलं. त्यांनी पातेल्याकडे बघितलं, मग आपल्या उजव्या हाताकडे. चमचा भरला. जरा झटकला.

"बठ्ठ्या देखा रे!" त्या ओरडल्या. "एक दाव! कोनी डोया मिटू नका!"

"एक!" आम्ही सगळ्या ओरडलो, शाळेतल्या पोरींसारख्या. नाना बाहेरून डोकावले, काय झालं म्हणून. फेस वर आला, पिवळसर, भरारून, आणि खाली बसला. नलूकाकूंनी वाटीच उचलून वरच्या फळीवर ठेवून दिली, कुणाचा हात पोचू नये म्हणून.

धप, धप, धप. पहिली लाटी अक्कांनी तेलात बुडवून माझ्या तोंडात घातली आणि सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत बसल्या. तिखट आलं, मग हिंग, मग मिरे. मी जीभ फिरवून फिरवून बघितली. चुरचुर नाही.

"बरोबर शे!" मी ओरडले. इतक्या मोठ्याने मी त्या घरात कधी बोलले नव्हते.

नमुन्याचा पापड गॅसवर भाजला. तो कडेने शहारला, मधून फुगला, आणि अंगभर पांढऱ्या बुडबुड्यांनी भरून गेला. अक्कांनी तो खिडकीशी नेऊन उजेडात धरला, उलटा, सुलटा. मग त्याचे सहा तुकडे केले.

दोन वाजेपर्यंत सगळं लाटून झालं. जेवलो, आणि जिथे जागा मिळाली तिथे बायका आडव्या झाल्या, कूलरच्या समोर, पदर तोंडावर घेऊन, एकमेकींच्या पायाशी डोकी. लहानपणी या वेळी पापडांची राखण माझ्याकडे असायची आणि मी दरवेळी झोपायचे. आज मी एकटी जागी होते. झोप कुठल्या कुठे गेली होती. उद्या-परवा परत येईल, चैत्रापर्यंत राहील, माहीत आहे मला. येऊ दे. आली की आता अक्कांना फोन करणार आहे.

धाब्यावर गेले. दोन साड्यांवर पापड, वर तिसऱ्या साडीची सावली, आणि तिच्या कडेने कलती उन्हं आत शिरलेली. कडुलिंबाला तांबूस, चकचकीत पालवी फुटली होती. जुनी पिवळी पानं अजून पडत होती, त्यातली चार-दोन पापडांवर. मी ती वेचली. मग गुडघ्यांवर बसून एकेक पापड उलटत गेले, कडेपासून मधे. खालून घोरण्याचा आवाज येत होता. बहुतेक अक्काच.